वाटण घालायच्या आधी कुत्र्याचा वाटा काढा

पत्राचा सारांश: नागपूरच्या मानेवाडा भागात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं आहे. मुलगा-सून नोकरीनिमित्त बंगळूरला गेले आणि त्यांचा ६ वर्षांचा, ३० किलोचा लॅब्रेडॉर फेब्रुवारीपासून काका-काकूंकडे आला. सोबत सुक्या खाण्याचं मोठं पोतं आणि फ्रिजवर चिकटवलेली यादी: मीठ नाही, हळद नाही, मसाला नाही, घरचं काहीच नाही. पहिले काही दिवस कुत्र्याने ते मुकाट खाल्लं, मग भांड्याला तोंड लावेना. काकूंनी एकदा त्यावर रस्सा ओतला, तर भांडं चाटूनपुसून स्वच्छ. आता सुकं खाणं मूठभर आणि वरचं जास्त, असं चाललंय: वरण-भात, भाजीचा रस्सा, रविवारी सावजी मटणाची तर्री आणि हाडकं. मुलाने व्हिडिओ कॉलवर हे पाहिलं आणि ‘तुम्ही त्याला विष घालताय’ म्हणत फोन ठेवला. काकूंचं म्हणणं असं की त्यांच्या माहेरी वाड्यावरचे कुत्रे भाकरी-कालवण खाऊन बारा-बारा वर्षं जगले. काका विचारतात: चार महिने झाले, काही झालेलं नाही, उलट वजन दोन किलोंनी वाढलं. सोमवारी कधी शी पातळ होते, पण ती उन्हामुळे असावी. बेचव खायला लावणं म्हणजे मुक्या जिवाला शिक्षाच नाही का? कोणता मसाला चालतो, कोणता नाही? आणि शेजारी सांगतात तसा गोचिडांसाठी लसूण द्यावा का?

काका,

तुमच्या पत्रातल्या दोन ओळी आधी शेजारी-शेजारी ठेवून वाचा. ‘काही झालेलं नाही’ असं म्हणता आणि लगेच सोमवारचे जुलाब आणि दोन किलो वजन सांगता. नागपूरचं ऊन आठवड्याचे सातही दिवस तापतं, जुलाब मात्र सोमवारीच होतात, म्हणजे मटणाच्या दुसऱ्या दिवशी. त्यात उन्हाला दोष देण्यासारखं काही नाही. तर्रीतलं तेल आणि तिखट आतड्याला सोसत नाही, एवढंच त्याचं कारण. आणि लॅब्रेडॉरचं वाढलेलं वजन हे तब्येत सुधारल्याचं लक्षण धरू नका. ही जात मुळातच सुटणारी, आणि पुढे कंबर-गुडघे त्याची किंमत मोजतात.

पण मुलाची यादीही जशीच्या तशी खरी नाही. हळद विष नाही. चिमूटभर मीठ विष नाही. जिरं, धने, आलं यांनी कुत्र्याला काही होत नाही. यादीत सगळं एकाच ओळीत बसवलं की हळद आणि कांदा सारखेच वाटायला लागतात, आणि हळदीने काही झालं नाही हे पाहिल्यावर माणूस कांद्यालाही निर्धास्त होतो. तुमच्या घरात नेमकं हेच झालंय. खरा धोका आहे वाटणात: भाजलेला कांदा, लसूण, खोबरं, खसखस, आणि वर तरंगणाऱ्या तेलात.

कांद्यापासूनच सुरू करू, कारण तिथेच सगळं अडतं. कांदा, लसूण, पात, लीक हे सगळे एकाच कुळातले. त्यांतली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनची नासाडी करतात. पेशीत गुठळ्यांसारखे ठिपके दिसू लागतात, त्यांना हाइंझ बॉडी म्हणतात, आणि अशा पेशी फुटतात किंवा शरीर त्या काढून टाकतं. रक्त कमी होतं. शिजवल्याने, तळल्याने, भाजल्याने किंवा वाळवल्याने हे द्रव्य जात नाही. उलट कांदा-लसणाची पूड म्हणजे पाणी गेलेला, आटलेला ऐवज, म्हणून चमचाभर पुडीत कांद्याचा मोठा तुकडा मावतो. ‘शिजवलेला आहे, मग चालतो’ हा समज इतका रुळलाय की त्यावर वेगळं बोलावं लागतं.

किती कांदा म्हणजे जास्त? शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की कुत्र्याच्या रक्तात बदल दिसू लागतात, असा ढोबळ नियम आहे. तुमच्या ३० किलोच्या लॅब्रेडॉरला ही रेषा १५० ग्रॅमवर येते, म्हणजे दीड मध्यम कांदा. ७ किलोच्या पॉमेरेनियनला ती ३५ ग्रॅमवर, कांद्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर. आता रविवारचं पातेलं पाहू. किलोभर मटणाला अर्धा किलो कांदा आणि लसणाचा एक गड्डा धरला आणि रस्सा दीड-दोन लिटर झाला, तर १०० मिलीच्या एका डावात २५ ते ३३ ग्रॅम कांदा उतरतो. लसूण कांद्याच्या तीन ते पाच पट तीव्र धरतात, म्हणून हिशोब त्याहूनही चढाच लावा. काकू दोन डाव ओतत असतील तर तुमचा कुत्रा रेषेच्या अलीकडे राहिला. कुत्रा मोठा होता, म्हणून निभावलं. हाच रस्सा शेजारच्या पॉमेरेनियनला एक-दीड डाव मिळाला असता तर ती रेषा ओलांडून गेली असती.

तरीही रेषेच्या अलीकडे म्हणजे बिनधोक, असं समजू नका. ती एका वेळच्या खाण्याची रेषा आहे. तुमच्याकडे रविवारची तर्री आहे आणि सोमवार ते शनिवार भाजीचा रस्सा. रोज थोड्या-थोड्या पेशी खराब होत राहिल्या आणि शरीर त्या भरून काढत राहिलं, तर बाहेरून कुत्रा ठणठणीत दिसतो, फक्त जरा लवकर धापतो, जिना चढायला कंटाळतो. ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं. ६ वर्षं म्हणजे लॅब्रेडॉरचं म्हातारपण नव्हे.

काकूंच्या माहेरच्या कुत्र्यांबद्दल एक शब्द. वाड्यावरच्या कुत्र्याला मिळायची शिळी भाकरी, ताक, पातेल्याची खरवड. पळायचा दिवसभर, अंगावर चरबी नाही. तर्रीचे दोन डाव आणि वर पंखा, असा थाट त्याचा नव्हता. शिवाय बारा वर्षं जगलेला लक्षात राहतो. दोन-तीन वर्षांत गेलेल्याला काय झालं होतं, हे तेव्हा कोणी तपासत नव्हतं. काकूंचा अनुभव खोटा नाही, पण जे कुत्रे मेले ते त्या आठवणीत नाहीत.

आता ‘बेचव म्हणजे शिक्षा’ हे तुमचं म्हणणं. तुमच्या पत्रात हीच गोष्ट सगळ्यात जिव्हाळ्याची आहे, म्हणून ती नीट पाहू. माणसाच्या तोंडात सुमारे ९,००० रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या सुमारे १,७००. मांस खाणाऱ्या प्राण्याला मीठ मांसातूनच मिळत आलंय, त्यामुळे मिठाची आपल्यासारखी ओढ त्याला नसते. अळणी वरण आपल्या घशाखाली उतरत नाही, त्याला मात्र त्यात उणं काही वाटत नाही. तो खातो वासावर आणि उबेवर. रश्श्यात त्याला आवडतात ते मांसाचा वास आणि चरबी. तिखट त्याला आवडत नाही, ते तो सोसतो. मिरचीची आग त्याच्याही तोंडाला जाणवते, पण लॅब्रेडॉर चावत कुठे बसतो, तो गिळतो. आग मग खाली आतड्यात जाणवते, आणि सोमवारी तुम्हाला दिसते.

म्हणजे त्याला हवा असलेला वास द्यायचा आणि वाटण वगळायचं. सोपं आहे, पण त्याआधी पोत्याकडे जाऊ.

फेब्रुवारीत उघडलेलं पोतं जूनमध्ये अजून चालू आहे. सुक्या खाण्यावर चरबीचा हात असतो, आणि उघडल्यावर हवेने ती चरबी खवट होते. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत, तेही गच्चीला लागून असलेल्या खोलीत किंवा बाल्कनीत ठेवलं असेल, तर फारच लवकर. हातात मूठभर घेऊन हुंगा. जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला तर कुत्र्याने नकार दिला यात त्याचं काही चुकलेलं नाही. उघडलेलं पोतं चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढंच आणा, ते मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नुसतं डब्यात ओतून ठेवलं की तळाला जुन्या चरबीचा थर बसतो आणि नवं खाणंही त्याने बिघडतं. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात कुत्रा आपोआप कमी खातो. दुपारी १२ ला भांडं ठेवलं तर तो बघणारही नाही. सकाळी ६ च्या सुमारास आणि रात्री साडेआठ-नऊला द्या.

आता रविवारची रीत. मटण असो की चिकन, एकाच पातेल्यातून दोन वाटे काढायचे:

मटण आधी हळद, आल्याचा तुकडा आणि पाणी घालून वेगळं शिजवून घ्या. बऱ्याच घरी तसंही आधी शिजवूनच मग वाटणात टाकतात, त्यामुळे काकूंचं काम वाढणार नाही. मीठ या टप्प्यावर घालू नका, ते पुढे वाटणासोबत घाला. शिजलं की वाटण पडायच्या आधी कुत्र्याचे तुकडे काढा, हाडाविना, १०० ग्रॅमच्या आसपास, आणि दोन वाट्या नितळ पाणी. हे पाणी फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबीचा पांढरा थर गोठतो, तो चमच्याने उचलून टाका. खालचं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. रोज सुकं खाणं कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचं, त्यावर यातले दोन खडे कोमट करून ओतायचे. गरम नको, बोटाला सोसवेल एवढं. काकूंनी ओतलेला रस्सा तो ज्या वासावर खातो, तो वास यात आहे.

पहिले दोन-तीन दिवस तो भांड्याकडे पाहील आणि मग काकूंकडे पाहील. चार महिन्यांत त्याला कळलंय की थांबलं की तर्री येते. भांडं २० मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर उचला, पुढच्या वेळेला पुन्हा. मध्ये पोळीचा तुकडा नाही. एकदम तोडायला जीव होत नसेल तर आठ-दहा दिवसांत रस्सा निम्मा, मग पाव, मग बंद असं करा, पण त्या दिवसांतही कांदा-लसणाचा नव्हे, साध्या वरणाचा. पाणी पितो, हिंडतो-फिरतो, पण सलग २४ तास काहीच खाल्लं नाही तर मात्र हट्ट म्हणून बसू नका. दात किडलेला असू शकतो, हिरडी सुजलेली असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

शिजवलेली हाडकं बंद, मटणाची आणि कोंबडीचीही. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं, फुटतं ते टोकदार, आणि आतड्यात अडकतं किंवा टोचतं.

आता तुम्ही विचारलेली मसाल्यांची यादी. हळद: चिमूटभर चालते. त्याने सांधे बरे होतात वगैरे आशा धरून चमचा-चमचा घालू नका, पोट बिघडतं. पित्ताशयाचा त्रास असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आधी बंद करा. जिरं, धने, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) दोन-चार काड्या, कढीपत्ता, आलं, बडीशेप, थोडीशी दालचिनी: चालतं. गरज मात्र कशाचीच नाही. मोहरीची फोडणी नको, मोहरी पोटात झोंबते. हिंगाचंही काही काम नाही. तिखट, मिरे, हिरवी मिरची नको. मिरची भिवापुरी असो की कुठलीही, कुत्र्याच्या आतड्याला सारखीच. लवंग टाळा. जायफळ पक्कं टाळा, ते जास्त झालं तर कुत्रा थरथरतो, भ्रमिष्टासारखा वागतो. पुरणपोळीतलं चिमूटभर एवढं करणार नाही, पण जायफळाची पूड डब्यासकट त्याच्या तोंडी लागू देऊ नका. खसखसही नको. ती सावजी वाटणात हमखास असते, आणि तिच्यात अफूचे अंश असतात.

चिंचेवर जरा थांबायला हवं, कारण ही गोष्ट अजून फारशी कोणाला माहीत नाही. द्राक्षं, मनुका आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, हे पशुवैद्यांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं आता बरेच विषतज्ज्ञ मानतात. चिंचेत हे आम्ल भरपूर असतं, आणि चिंच खाऊन मूत्रपिंडाला इजा झालेल्या कुत्र्यांच्या नोंदीही प्रसिद्ध झाल्या आहेत. म्हणून चिंच-गुळाचं वरण, चिंचेचं सार, चिंच घातलेली वांग्याची भाजी यांतलं काहीच नको. शिऱ्यात आणि पुलावात बेदाणे असतील तर तेही नाही. आंबटाशिवाय काढलेलं साधं वरण द्या.

मिठाचा तेवढा घोळ वाढवून ठेवलाय लोकांनी. कुत्र्यालाही सोडियम लागतं. ३० किलोच्या, घरात लोळणाऱ्या लॅब्रेडॉरला रोज १,२०० ते १,४०० कॅलरी पुरतात, आणि तेवढ्या खाण्यात किमान अर्धा-पाऊण ग्रॅम मिठाइतकं सोडियम असावं लागतं. चहाच्या सपाट चमच्याचा हा आठवा भाग. बाजारच्या सुक्या खाण्यात ते आधीच घातलेलं असतं, म्हणून वरून काही नको. उद्या तुम्ही पूर्ण घरचंच शिजवायचं ठरवलंत तर मात्र अळणीचा आग्रह चुकीचा ठरेल. आठवा भाग चमचा आयोडीनयुक्त मीठ घालायचं. सैंधव कशाला? सोडियम तेवढंच, आयोडीन नाही. एक ताकीद: नुसतं भात-चिकन-गाजर दिलं की कॅल्शियम, जस्त, ड जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून पूर्ण घरचा आहार महिनोन् महिने चालवायचा असेल तर पशुवैद्याकडून पूरक पूड ठरवून घ्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याचं मीठ त्याचे डॉक्टर ठरवतील, तिथे ही मापं लावू नका.

मिठाची बाधा केव्हा होते? दर किलो वजनामागे सुमारे २ ग्रॅम मीठ पोटात गेलं की लक्षणं दिसू शकतात, ४ ग्रॅमला जीव जाऊ शकतो. तुमच्या कुत्र्याला ते ६० ग्रॅम होतात. भाजीतल्या मिठाने ते होणं नाही. पण इथे एक घातक घरगुती उपाय आहे. कुत्र्याने काही भलतंसलतं खाल्लं की उलटी व्हावी म्हणून लोक त्याला मिठाचं पाणी पाजतात. १० किलोच्या कुत्र्याला जेवणाचा एक भरगच्च चमचा मीठ पाजलं की लक्षणांची रेषा गाठलीच, आणि उलटी होईलच असंही नाही. जे खाल्लं होतं त्यापेक्षा उपाय महागात पडतो. हे कधीही करू नका. आणि लोणचं, पापड, शेव, फरसाण हे मिठाचे साठे. पापडात वर खारही असतो. नूडल्सच्या पुडीतला मसाला, सूपची पाकिटं, तयार रश्श्याचे मसाले यांच्या मागे बारीक अक्षरांत कांदा-लसणाची पूड बहुधा छापलेली असते. तेवढं वाचायला चष्मा लावा.

तेलाचं गणित तुमच्या दोन किलोंना लागू आहे. जेवणाच्या एका चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, सव्वाशेच्या आसपास कॅलरी. तर्रीतून दोन चमचे तेल गेलं तर त्याच्या दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा तेलातच संपला. वरखाण्यातून दिवसाच्या एक दशांशाहून जास्त कॅलरी जाऊ नयेत, म्हणजे त्याच्यासाठी १२० ते १४०. शिवाय एकदम भरपूर चरबी गेली की काही कुत्र्यांना स्वादुपिंडाची सूज येते: सतत उलट्या, पोट दुखतं, पुढचे पाय टेकून मागची बाजू वर ठेवून उभं राहतो, खाणं बंद. हे दिसलं तर रात्र काढू नका. सणावाराच्या दुसऱ्या दिवशी असे कुत्रे दवाखान्यांत रांगेने येतात.

गोचिडांसाठी लसूण? नाही. त्याने गोचीड पळतात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि रक्ताला इजा होते ती मात्र नक्की. त्यात आपल्याकडे एक विचित्र गुंता होतो. गोचीड चावून होणाऱ्या तापातही, बॅबेसिया, एर्लिशिया यांत, कुत्र्याचं रक्त कमी होतं, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. कांदा-लसणानेही अगदी तसंच दिसतं. मालक लसूण देत असल्याचं सांगत नाही आणि डॉक्टर गोचीडतापाच्या मागे लागतात. म्हणून दवाखान्यात गेल्यावर ताटातलं सगळं सांगा, अगदी लाज वाटली तरी. गोचिडांसाठी वजनाप्रमाणे मानेवर टाकायचं औषध किंवा खायची गोळी पशुवैद्याकडून घ्या, आणि घराच्या भिंतींच्या फटी, कुत्र्याच्या अंथरुणाखालच्या भेगा साफ करा. गोचिडाची मादी अंगावरून उतरून तिथे हजारोंनी अंडी घालते. कुत्रा कितीही स्वच्छ केला तरी भेगा राहिल्या की पुन्हा तेच.

आता हिरड्या पाहायला शिका, आजच, कुत्रा बरा असताना, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग तुम्हाला कळेल. ओठ वर करा, सुळ्याच्या वरच्या हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. लॅब्रेडॉरच्या हिरड्यांवर काळे डाग असतात, अशा वेळी खालची पापणी ओढून आतला भाग पाहा, तोही गुलाबी असायला हवा. हे दोन्ही फिके, पांढरट किंवा पिवळसर दिसले, तो धापतोय, लघवी चहासारखी किंवा लालसर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. चुकून कांद्याची भजी किंवा कांद्याचं वाटण मोठ्या प्रमाणात खाल्लंच, तर काय, किती आणि किती वाजता खाल्लं हे लिहून घ्या, कुत्र्याचं वजन घ्या आणि तासा-दोन तासांत डॉक्टरांकडे पोहोचा. उलटी करवायची असेल तर तेवढाच वेळ हाती असतो आणि ती त्यांनीच करवायची. दूध, तेल, मीठ, काही पाजू नका. लगेच काही दिसलं नाही म्हणून सुटलो असं नाही: रक्ताचा परिणाम दोन ते पाच दिवसांनी दिसतो, तोवर रोज सकाळी हिरड्या पाहा. सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्राण्यांचा दवाखाना आहे, त्याचा फोन नंबर आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ आताच माहीत करून ठेवा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना उरलंसुरलं घालणारे वाचकही हेच पत्र वाचत असतील. लग्नातली उरलेली बिर्याणी आणि कांद्याची भजी त्यांच्या पुढ्यात ढीग घालू नका. भात, उकडलेलं अंडं, चरबी काढलेलं चिकनचं पाणी, अळणी वरण हे द्या, आणि उन्हाळ्यात सावलीत पाण्याचं कुंडं ठेवा. आणखी दोन नावं घरात सगळ्यांना माहीत हवीत: चॉकलेट, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगगम, पीनट बटर. दुसरं तर कांद्याहून कितीतरी पटीने घातक आहे, दर किलो वजनामागे ग्रॅमच्या दहाव्या भागावरच रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

काकूंच्या हाताला काही तरी हवं, हे मला पत्रातून जाणवतं. त्यांनी जेवताना ताटाशेजारी वाटी ठेवावी: काकडीचे काप, उकडलेलं गाजर, उकडलेलं अर्धं अंडं, पपईची फोड, हंगामात संत्र्याच्या दोन फोडी, बिया काढून. यात त्यांचा लाडही होतो आणि त्याचं वजनही वाढत नाही. जेवायला बसण्याआधी त्याला त्याचं खायला दिलं की टेबलाखालची भीकही निम्मी होते.

मुलाशी बोलताना बाजू मांडू नका, कामाची गोष्ट करा. फ्रिजवरची यादी काढा आणि दोघांनी मिळून नवी लिहा. नकोची बाजू छोटी पण ठाम: कांदा, लसूण, चिंच, द्राक्षं-मनुका, जायफळ, खसखस, तर्री, शिजवलेली हाडकं, चॉकलेट, झायलिटॉल. आणि चालेलची बाजूही भरून टाका, म्हणजे काकूंना ‘काहीच नाही’ असं वाटणार नाही. हळद त्या बाजूला लिहायला मुलाने हरकत घेतली तर त्याच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा.

या आठवड्यात एकच खर्च करा: रक्ताची पूर्ण तपासणी, आणि पेशी पाहण्यासाठी काचेवरचा नमुना. डॉक्टरांना ‘चार महिने कांदा-लसणाचा रस्सा मिळालाय’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते हाइंझ बॉडीसाठी वेगळ्या रंगाने नमुना पाहू शकतील. हिमोग्लोबिन ठीक असेल तर रस्सा बंद केल्यावर आणखी काही करायची गरज पडणार नाही. ते कमी निघालं आणि गोचीडतापाचा अहवालही कोरा असेल, तर आहार बदलून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त पाहायचं. तोवर त्याला सकाळी ऊन चढण्याआधीच फिरवा, आणि वजनकाट्यावर दर रविवारी, मटण पातेल्यात पडण्याच्या आधी, त्याचं वजन घ्या.